रेषा नव्हे, अंतर मोजा

अमेरिकेत शालेय परीक्षांचे निकाल वर गेले की पाठोपाठ एक दावा ठरलेला असतो: गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांमधली दरी मिटत चालली आहे. 2002 च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने या दाव्याला सरकारी भाषा दिली. प्रत्येक वंशगटाचा निकाल वेगळा जाहीर करणं त्याने सक्तीचं केलं, ही त्याची मोठीच कामगिरी. पण हा निकाल म्हणजे उत्तीर्णतेची रेषा ओलांडणाऱ्यांची टक्केवारी. आणि 2014 पर्यंत सगळ्यांनी ओलांडायची ती रेषा कुठे आखायची, हे राज्यांवरच सोडलेलं होतं. उलट, दरी मिटूच शकत नाही म्हणत तिचं मूळ आनुवंशिकतेत शोधणाऱ्यांसाठी एकच आकडा पुरे आहे: राष्ट्रीय चाचणीत सतरा वर्षांच्या मुलांमधलं वाचनातलं अंतर 1971 साली 53 गुणांचं होतं, 1988 साली ते 20 वर आलं. रक्त सतरा वर्षांत बदलत नाही.

खरा घोळ टक्केवारीवर विसंबणाऱ्यांचा आहे, आणि तो अधिक घातक आहे, कारण त्यामागचा हेतू चांगला असतो. समजा, एका गटाची सरासरी 70 आणि दुसऱ्याची 50 आहे. रेषा 60 वर ठेवली तर पहिल्या गटातले बहुतेक पास, दुसऱ्यातले बहुतेक नापास. तीच रेषा 20 वर आणा. दोन्हीकडे जवळपास सगळे पास आणि दरी गायब! एकाही मुलाला एकही गणित जास्तीचं आलेलं नाही. वीस गुणांचं अंतर जसंच्या तसं आहे. रेषा न हलवता दोन्ही गटांचे गुण सारखेच वाढले तरी हेच घडतं, कारण पुढच्या गटात रेषेखाली फारसं कोणी उरलेलंच नसतं. न्यूयॉर्क राज्यात 2009 साली तिसरी ते आठवीची 86 टक्के मुलं गणितात उत्तीर्ण होती. 2010 मध्ये रेषा वर नेली, निकाल 61 टक्क्यांवर आला आणि मिटत आल्याचं सांगितलेली वांशिक दरी पुन्हा रुंदावली. मुलं वर्षभरात गणित विसरली नव्हती.

यावर म्हणतील, किमान कौशल्य अधिक मुलांना येणं हे यश नव्हे काय? आहेच. त्याच राष्ट्रीय चाचणीत 1973 साली नऊ वर्षांच्या गोऱ्या मुलांची गणितातली सरासरी 225 होती. 2012 साली त्याच वयाच्या कृष्णवर्णीय मुलांनी 226 गाठली. ही शिक्षकांच्या आणि मुलांच्या कष्टांची कमाई आहे, ती नाकारण्यात शहाणपणा नाही. पण 2012 पर्यंत गोरी मुलं 252 वर पोचली होती, आणि कॉलेजातली जागा किंवा नोकरी मिळवायची ती आपल्याच पिढीच्या बरोबरीने. 1973 च्या मुलांशी कोणाची स्पर्धा नसते. ज्ञान स्वतःपुरतं मोजता येतं, संधी मात्र तुलनेनेच वाटली जाते. सरासरीतही बरंच काही झाकलं जातं, हेही खरं. तरी कोण्या अधिकाऱ्याने रेषा सरकवल्याने सरासरीतलं अंतर कमी-जास्त होत नाही. म्हणूनच 1988 नंतर सतरा वर्षांच्या मुलांमधलं वाचनातलं अंतर पुन्हा वाढलं आणि 2012 सालीही 26 होतं, हे सरासरीमुळे कळतं आणि त्याची कारणं विचारता येतात. ज्या धोरणाने रेषेपलीकडची संख्या वाढते पण अंतर तसंच राहतं, त्याला शिक्षण सुधारणारं धोरण जरूर म्हणावं. विषमता घटवणारं म्हणू नये.