पक्षात नाही, म्हणजे भ्याला काय?



मागच्या निवडणुकीत आमच्या वस्तीत आपल्याच लोकांचे दोन गट समोरासमोर उभे होते. दोघांचाही झेंडा निळा, दोघांच्याही पत्रकावर बाबासाहेबांचा फोटो. मी कविता करतो हे ठाऊक असल्यामुळे दोन्हीकडची माणसं माझ्याकडे आली. प्रचाराचं गाणं लिहून दे म्हणाली. मी तिसरी पाळी करून येऊन झोपलेलो. सूतगिरणीत रिंग खात्यात रात्रभर तुटलेले धागे जोडायचे आणि सकाळी उठून भावाला भावापासून तोडायची गाणी लिहायची, हे काही मला जमेना. दोघांनाही नाही म्हणालो. तेव्हा माझा जिवाभावाचा दोस्त, ज्याच्या घरची पुस्तकं वाचून मी शहाणा झालो, तो चारचौघांत म्हणाला, "हा भ्याला. कवी लोकांचं असंच. तळ्यात मळ्यात."

त्या दिवसापासून तो बोलत नाही. आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न बसलाय. पक्षापासून लांब राहणारा माणूस भित्राच असतो काय?

हा प्रश्न घेऊन मी बहाई लोकांबद्दल वाचायला लागलो. त्यांचं नाव मला दिल्लीत कळलं. मोर्चाला गेलो होतो, परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून सगळे कमळाचं मंदिर बघायला गेलो. १९८६ साली उघडलेलं. आत मूर्ती नाही, भट नाही, प्रवचन नाही. बाकीचे फोटो काढत होते. मी तिथलं पत्रक खिशात घातलं.

हा धर्म इराणातला, एकोणिसाव्या शतकातला. बहाउल्ला हा तेहरानच्या सरदार घराण्यात १८१७ साली जन्मला. नव्या विचारापायी तुरुंग, मग बगदाद, मग तुर्की मुलूख, शेवटी १८६८ साली अक्काच्या कैदेत. सांगायचा काय, तर माणसाची जात एक, बाई आणि पुरुष बरोबरीचे, पुरोहित नको, प्रत्येक पोराला शाळा, आणि सत्य ज्याचं त्यानं शोधावं, बापाचं ऐकून नव्हे. (बरोबरी सांगणाऱ्यांच्या हैफातल्या सर्वोच्च मंडळावर मात्र नऊच्या नऊ पुरुषच. तसा नियमच आहे. हे मला पटत नाही.) पाठीमागे निंदा करणं हे त्यांच्यात मोठं पाप. आपल्या चळवळीत तर ती रोजची भाकरी झालीय.

आता मुद्दा राजकारणाचा. बहाई माणूस मत देतो, पण कुठल्या पक्षाचा सभासद होत नाही, कुणाचा प्रचार करत नाही. कारण सरळ आहे. माणूसजात एक म्हणायचं आणि एका तुकड्याची तुतारी फुंकायची, हे एका तोंडानं होत नाही. एकदा पक्षात गेलं की आपल्या माणसाचं खोटं झाकावं लागतं आणि समोरच्याचं खरं दिसलं तरी डोळे मिटावे लागतात. त्यांच्या स्वतःच्या मंडळांची निवडणूक दरवर्षी एप्रिलात होते. उमेदवार नाही, प्रचार नाही, मीच निवडून येतो असं कुणी म्हणायचंच नाही. गुप्तपणे प्रत्येकानं नऊ नावं लिहायची, जास्त मतांची नऊ माणसं मंडळावर. आपल्या जयंती मंडळाची निवडणूक अशी झाली तर? मला हसूच आलं. मग हसू गेलं.

पण हे सगळं सुखवस्तू माणसाचं तत्त्वज्ञान असेल तर मला नको. म्हणून इराणात या लोकांचं काय झालं ते वाचलं.

१९५५ साली शहाच्या राज्यात मुल्लांनी रेडिओवरून आग ओकली, आणि तेहरानातल्या बहाई केंद्राचा घुमट फोडायला लष्कराचे बडे अधिकारी हातात कुदळ घेऊन गेले. १९७५ साली त्याच शहानं बाकीचे पक्ष मोडून एकच पक्ष काढला. सामील व्हायचं नसेल त्यानं तुरुंगात जावं नाहीतर देश सोडावा, अशी भाषा. बहाई सामील झाले नाहीत. राजाच्या पक्षालाही नाही म्हणाले. आणि १९७९ ला शहा पळाला, तेव्हा नव्या सत्तेनं त्यांच्यावर आरोप ठेवला की तुम्ही शहाचे हस्तक! दुसरा आरोप इस्रायलच्या हेरगिरीचा, कारण काय तर मुख्य कचेरी हैफात. अरे, बहाउल्लाला त्या मुलखात कैदी करून धाडलं ते तुर्की सुलतानानं, इस्रायल जन्मायच्या ऐंशी वर्षं आधी.

१९८० च्या ऑगस्टात त्यांच्या राष्ट्रीय मंडळाचे नऊही सभासद पकडून नेले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. नवं मंडळ निवडलं. १९८१ च्या डिसेंबरात त्यातले आठ गोळ्या घालून मारले. तिसरं निवडलं. १९८३ साली सरकारनं मंडळांवर बंदी आणली आणि या लोकांनी, सरकारचा हुकूम आहे म्हणून, मंडळं स्वतःच बरखास्त केली.

इथं मी पुस्तक मिटलं. रागच आला. ज्यांनी तुमची माणसं मारली त्यांचा हुकूम पाळता? ही गुलामी नव्हे तर काय?

पण त्याच वर्षीच्या जून महिन्यात शिराजमध्ये दहा बायकांना एका रात्रीत फाशी दिलं होतं. त्यातली मोना महमूदनिजाद सतरा वर्षांची. गुन्हा काय, तर लहान मुलांना शिकवायची. मी बहाई नाही असं म्हण, सुटशील, असं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. एकीनंही म्हटलं नाही. म्हणजे मंडळ बंद करा म्हटलं तर केलं, पण आपण कोण आहोत ते नाकारा म्हटलं तर मान दिली. हुकूम कुठवर पाळायचा याची रेघ त्यांनी अशी मारलेली.

मग मला महाड आठवलं. मार्चचं चवदार तळं सगळ्यांना पाठ असतं. डिसेंबर १९२७ चं कुणी फारसं सांगत नाही. तळ्यावर जायची कोर्टाची मनाई आली होती. हजारो माणसं जमलेली, मरायला तयार. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला, कोर्टाचा कागद मानला. आणि त्याच परिषदेत दुसरा कागद, मनुस्मृती, जाळला. तळ्याचा खटला १९३७ पर्यंत लढवून जिंकला. त्या दिवशी बाबासाहेबांना भ्याला म्हणणारा कुणी असेलच.

तरीही मी बहाईंचा नियम जसाच्या तसा उचलणार नाही. माळव्यातल्या खेड्यांत १९६१ नंतर आपल्यासारखीच खूप माणसं बहाई झाली, त्यांचा त्यांना रस्ता. माझ्या आज्यानं नागपुरात १९५६ साली जे घेतलं ते मला पुरतं. आणि बाबासाहेबांनी १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ ला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढलं, ते काही हौस म्हणून नव्हे. ज्याच्या विहिरीला कुलूप आहे त्याला किल्ली कायदेमंडळातूनच आणावी लागते. आमची शिष्यवृत्ती, आमच्या जागा राजकारणातूनच आल्या. पक्षच नको असं जो म्हणतो, त्याच्या घरी पाणी कुठून येतं ते मी आधी विचारीन.

पण पक्ष असणं वेगळं आणि पक्षाच्या तुकड्यासाठी सख्ख्या दोस्ताचा गळा धरणं वेगळं. बहाईंच्या पोरांना विद्यापीठात घेत नाहीत, म्हणून १९८७ पासून त्यांनी घराघरांत बसून स्वतःचं विद्यापीठ चालवलं. शिक्षक पकडले गेले, वर्ग चालू राहिले. यात पक्ष कुठंय? आणि बाजू नाही असं कोण म्हणेल?

आता माझं. दोन्ही गटांना नाही म्हणालो, त्याची मला काय किंमत पडली? गिरणीतनं काढलं नाही, कुणी मारलं नाही. म्हणून दोस्त भ्याला म्हणतो तेव्हा छातीवर हात ठेवून नाही म्हणता येत नाही. थोडा भ्यालो होतो. दोघांपैकी कुणाची तरी वस्तीत सत्ता येणार, नळाची लाईन त्याच्याच हातात, हे डोक्यात होतंच. गाणं नाकारलं ते शंभर टक्के तत्त्वानं, असं लिहिलं तर खोटं होईल.

वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी पोरं रिकामी बसतात. पुढच्या महिन्यापासून माझी पाळी बदलते, पहिली लागते. पाच ते सात तिथं वर्ग घ्यायचा म्हणतोय, दोन्ही गटांच्या घरची पोरं एका सतरंजीवर. दोन्हीकडचे पुढारी फळा कुणाच्या नावानं म्हणून विचारणार हे नक्की. हा अंक निघाला की पहिली प्रत दोस्ताला नेऊन देणार. गणित त्याचं माझ्यापेक्षा चांगलं आहे. शिव्या देईल, देऊ दे.