चेटकीण कोण म्हणतंय?

ऑफिसातली ब्रिटिश सहकारी कॉलवर सहज म्हणाली, "मी विक्कन आहे." मी हसत विचारलं, "म्हणजे चेटकीण?"

तिने समजावलं. विक्का हा धर्म आहे: देवी, शिंगधारी देव, वर्षाचे आठ सण, कुणाला इजा न करण्याचा दंडक. १९५१ साली ब्रिटनने चेटूकविरोधी कायदा रद्द केला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनरच्या पुस्तकाने हा पंथ लोकांसमोर आणला. चेटूक ही नुसती क्रिया. ती करायला देव मानावाच लागतो असं नाही.

मला मात्र दुसरा फरक टोचला. तिने ओळख स्वतः निवडली. आपल्याकडे 'चेटकीण' हा शब्द गाव एखाद्या बाईवर लादतं आणि मग तिला मारतं. महाराष्ट्राला २०१३ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

माझा प्रश्न हसत विचारलेला होता. शब्द मात्र त्या गावाचाच होता.