आस्वाद आणि अस्वाद

गेल्या श्रावणांत आमच्या शेजारच्या बाईंनीं मला एक प्रश्न विचारला. त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं, आणि आज सुचतें आहे तें सुखाचें नाहीं.

इचलकरंजीस १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आला. पुढें त्याचा पसारा वाढत वाढत आमच्या कबनुरांत शिरला, आणि आतां मागांचा खडखडाट थांबला तरच आम्हांला जाग येते. या बाई कांड्या भरण्याच्या कामास जातात. त्यांचे यजमान मागावर बारा तासांची पाळी करतात आणि परततांना परमिट रूममध्यें थांबतात. त्याबद्दल मीं त्यांस दोनतीनदां उपदेश केला होता. अशांत पुण्याहून माझा भाचा आला आणि बाईंच्या देखत मोठ्या कौतुकानें सांगूं लागला कीं, मामांनीं आमच्याकडे चार तऱ्हेची बिअर चाखली आणि चवी कशा अचूक ओळखल्या! बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मास्तर, आमच्यात घेतली की दारू, आन् तुमच्यात घेतली की चव व्हय?”

हा टोमणा होता हें उघड आहे. परंतु टोमण्याच्या रूपानें आला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाहीं.

घडलें होतें तें असें. “मामा, पिऊं नका, नुसती चव घ्या,” म्हणून भाच्यानें मला एका मद्यगृहांत नेलें. बिअर तेथेंच बनते. भिंतीपलीकडे पोलादी टाक्या दिसतात. पुण्यांत २००९ सालीं ‘डूलाली’ नांवाचें असें एक घर निघालें आणि त्यामागून इतर अनेक निघालीं. हें नांव आपल्या देवळालीचें इंग्रजी रूप आहे. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणींत दिवस काढीत. त्या कंटाळ्यांत व उन्हांत कित्येकांचीं डोकीं फिरत, आणि म्हणून भ्रमिष्ट माणसास इंग्रजींत त्या गांवाचें नांव चिकटलें. मद्यगृहानें तें आपण होऊन धारण करावें, यांत एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे.

आमच्यापुढें लांकडी फळीवर चार लहान पेले आले. भाच्यानें कृति समजावून सांगितली. सातूंना मोड आणून ते वाळवावयाचे, भरडून ऊन पाण्यांत त्यांची गोडी उतरवावयाची, त्या पाण्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें उकळावयाचीं, आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबवावयाचें. मनुस्मृतींत सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्या हिशेबानें ही धान्याची म्हणून पैष्टी. गव्हाच्या बिअरीस पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येत होता. आंत केळें नाहीं, लवंगहि नाहीं. तो सारा खेळ यीस्टचा. डोळे मिटून मीं लवंग ओळखली, भाच्यानें टाळी दिली, आणि खरें सांगतों, मला आनंद झाला. तो नशेचा आनंद नव्हता. निदान पहिल्या पेल्याला तरी नव्हता.

या आनंदाचें समर्थन करणें कठीण नाहीं. रस म्हणजे काय हें सांगतांना भरतानें नाट्यशास्त्रांत भोजनाचाच दृष्टान्त घेतला आहे: नाना व्यंजनांनीं संस्कारलेलें अन्न खाणारा रसिक ज्याप्रमाणें त्यांतील रस चाखतो, त्याप्रमाणें प्रेक्षक भाव चाखतो. ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानें १७५७ सालच्या आपल्या रुचिविषयक निबंधांत डॉन क्विक्झोटमधील एक गोष्ट घेतली आहे. पिंपांतील मद्य चाखून एक जण म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित् चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, लोखंडाची येते. लोक दोघांना हंसले. पुढें पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याची वादी बांधलेली एक किल्ली निघाली. म्हणजे शिकविलेली जीभ हें ज्ञानाचें साधन आहे, आणि चव ओळखणें व झिंगणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाईंना हेंच उत्तर द्यावें असें प्रथम माझ्या मनांत आलें.

परंतु द्राक्षाच्या मद्याचे परीक्षक तोंडांतला घोट थुंकून टाकतात, हें मला ठाऊक होतें. मीं एकहि घोट थुंकला नाहीं. चौथ्या पेल्याची चव कशी होती हें मला आज आठवत नाहीं. अंगांत पसरलेली ऊब मात्र स्पष्ट आठवते. मग मीं ज्ञान मिळवीत होतों, असें कोणत्या तोंडानें सांगावें?

गांधीजींनीं १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांतून आश्रमवासीयांस लिहिलेल्या पत्रांत अस्वादव्रताचें विवेचन केलें आहे. अन्न औषधासारखें घ्यावें, चवीसाठीं नव्हे, हा त्यांचा आग्रह. एका कान्यावर दोन तत्त्वज्ञानें उभीं आहेत: आस्वाद आणि अस्वाद. मला गांधीजींचें म्हणणें सर्वस्वीं पटत नाहीं. भाकरीबरोबर खर्ड्याची चव घेणारा मनुष्य पापी आहे असें कोल्हापूरकडच्या माणसास पटवून देणें ब्रह्मदेवासहि जमणार नाहीं. परंतु जीभ स्वतःसाठीं मागत असतांना भलत्याच थोर गोष्टीचें नांव पुढें करते, ही त्यांची शंका माझ्या बाबतींत तरी खरी ठरली.

सुशिक्षितपणा हा या बाबतींत तारक आहे, हा भ्रम तर १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’नें कधींच दूर केला आहे. त्यांतला सुधाकर वकील होता, बुद्धिमान होता; आणि त्या नाटकांत मदिरेचें मंडळ स्थापून तिच्या थोरवीवर व्याख्यानें देणारे लोकहि आहेत. मद्याविषयीं सुंदर बोलतां येणें हा मद्यापासूनचा बचाव नव्हे.

आतां मागावरच्या माणसाकडे पाहूं. बारा तास धोट्यांचा आवाज कानांत घेऊन तो बाहेर पडतो. त्यास लवंगेचा वास नको असतो. कांहीं काळ कांहींच ऐकूं न येणें हवें असतें. माझी बिअर शंभरांत पांच भाग मद्यार्काची. त्याच्या देशी दारूंत त्याच्या कित्येक पट. माझ्यापाशीं एका पेल्यावर अर्धा तास घालविण्याची सवड होती, दुसऱ्या दिवशीं पाळी नव्हती, आणि बिल भाच्यानें दिलें. ज्यास मी माझी संयमशीलता म्हणत होतों, तींत या तीन गोष्टींचा वांटा किती आणि माझा किती? याचा अर्थ त्यांचें वर्तन निर्दोष आहे असा नव्हे. त्यांच्या पेल्यांत बायकोच्या कांड्यांची मजुरी जाते, आणि चव असो वा नसो, तेवढ्यापुरता तो अन्यायच आहे. माझ्या पेल्यानें कोणाची चूल विझली नाहीं. हा भेद खरा आहे, परंतु तो चवीचा भेद नाहीं.

कायद्यालाहि ही पंचाईत आहेच. मुंबई इलाख्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. त्यानें पिणारास परवाना लावला, आणि ‘परमिट रूम’ हा शब्द त्यांतूनच आपल्या बोलींत रुळला. महाराष्ट्रांत बिअरीस वयाची मर्यादा एकवीस, कडक मद्यास पंचवीस. म्हणजे सरकारहि पेल्यापेल्यांत फरक करतें. २००८ सालच्या नियमान्वयें गांवच्या स्त्रियांना मतदानानें दुकान बंद पाडतां येतें. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते, एक आडवी. उद्यां कबनुरांत असें मतदान निघालें तर मी बाईंच्या बाजूनें बोलेन, यांत मला शंका नाहीं. पण पुण्याच्या त्या लांकडी फळीविषयीं तोच प्रश्न आला तर? तेथें माझा हात अडखळेल. आणि एका गांवीं आडवी व दुसऱ्या गांवीं उभी बाटली धरणारा मनुष्य नीति सांगतो कीं सोय पाहतो, हें मला ठरवितां येत नाहीं.

परवां बाई कामावरून परततांना भेटल्या. मीं म्हटलें, “तुम्हीं विचारलं होतं ना? आमच्यांत घेतली तरी दारूच.” त्या किंचित् हंसल्या. मग आतां त्यांच्या यजमानांना उपदेश करण्याचा मला अधिकार उरला नाहीं, असेंहि मीं सांगितलें. त्याबरोबर त्या गंभीर झाल्या. “तसं नका करू, मास्तर. तुमी बोलला की दोन दिस तरी बरं जातंय.”

येतों, असें मीं कबूल केलें आहे. भाच्यानें दिवाळींत पुन्हां पुण्यास बोलाविलें आहे. त्यास अजून कांहीं कळविलेलें नाहीं.