गांडीव गळून पडतं तेव्हा



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ३०.

हे तीन श्लोक आपण पारायणात पटकन म्हणून पुढे जातो. आज जरा थांबून वाचा. अर्जुन काय सांगतोय? हातपाय गळाले आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंग थरथरतंय, काटा आलाय, त्वचेची आग होतेय, हातातून गांडीव निसटतंय, उभं राहवत नाही आणि मन भोवंडल्यासारखं झालंय. ही तक्रार कोणा भित्र्याची नाही, त्या काळच्या सर्वश्रेष्ठ धनुर्धराची आहे.

अर्जुनाला डिप्रेशन होतं, असं मी म्हणणार नाही. त्याचा पेच वेगळा होता आणि ग्रंथावर आजचं निदान चिकटवणं बरं नाही. पण मन कोसळलं की शरीरही कोसळतं, हे व्यासांनी किती नेमकं टिपलंय! आणि त्या अध्यायाला नाव काय, तर अर्जुनविषादयोग. विषादसुद्धा योग! भगवंतापर्यंत नेणारी वाट तिथूनच सुरू होते.

आता भगवंताकडे बघा. पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण फक्त एकदा बोलतात, जमलेल्या कौरवांना बघ एवढंच. त्यानंतर अर्जुन बोलत राहतो आणि ते ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन श्लोक कानउघाडणी होते, ही दुर्बलता सोड आणि ऊठ अशी. मग अर्जुन उठतो का? नाही. ‘मी लढणार नाही’ म्हणून तो गप्प बसतो. खुद्द भगवंताच्या तोंडचं ‘खंबीर हो’ एवढ्यानं काम झालं नाही, तर आपल्या ‘अरे, पॉझिटिव्ह राहा ना’नं कसं होणार? खरा उपदेश त्यानंतर सुरू होतो आणि तो अठराव्या अध्यायापर्यंत चालतो.

ज्ञानेश्वर माऊलींनी इथेच वैद्याचा दृष्टांत दिलाय. व्याधी असाध्य दिसू लागली की वैद्य जसा वेळ न दवडता दिव्य औषध सुचवतो, तसा देव अर्जुनासाठी उपाय योजतो. म्हणजे माऊलींना भगवंताची तुलना वैद्याशी करताना संकोच वाटला नाही. मग आपल्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला का वाटतो?

आमच्या शनिवारच्या वाचनगटात एक मित्र आहे, आयटीतलाच. काही महिने त्याला पहाटे तीनला छाती धडधडत जाग यायची. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. कुणीतरी त्याला सांगितलं, ‘तुझं नाम कमी पडतंय.’ त्यानं माळा वाढवल्या. धडधड तशीच राहिली, वर अपराधीपणा आला. देवाला आपण नकोच आहोत, असं वाटायला लागल्याचं त्यानं एक दिवस गटात सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे हादरलो. शेवटी तो डॉक्टरांकडे गेला. गोळ्या आणि समुपदेशन, दोन्ही सुरू झालं. फरक पडायला काही आठवडे लागले. परवा म्हणाला, ‘आधी अर्ध्या माळेतच धडधड सुरू व्हायची रे. आता माळ पूर्ण होते.’ औषधानं त्याचं नाम सुटलं नाही, उलट नामाला बसायची ताकद परत आली.

हा एकट्याचा प्रश्न नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात साधारण दहापैकी एका प्रौढाला मानसिक आजार असल्याचं दिसलं आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. आपल्या सत्संगात तीस जण बसत असतील, तर हिशोब तुम्हीच करा. प्रॉडक्शनचा सर्व्हर पडला की आपण ‘श्रद्धा कमी पडली’ म्हणत नाही, लॉग उघडतो आणि ज्याला कळतं त्याला फोन लावतो. मनाच्या बाबतीत मात्र महिनोन्‌महिने अलर्ट म्यूट करून बसतो.

गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत चार प्रकारचे भक्त सांगतात. त्यात पहिलं नाव ‘आर्त’ भक्ताचं आहे, दुःखानं पोळलेल्याचं. रडत आलेल्याला देवानं रांगेत मागे उभं केलेलं नाही. आपणही करू नये.

आजची साधना, तीन छोट्या गोष्टी:

१. गटात एखादा अचानक गप्प झाला असेल, तर आज त्याला फोन करा. उपदेश नको. कृष्णासारखं आधी ऐका.

२. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. सुरू असलेल्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून स्वतःहून बंद करू नका.

३. कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, तर विषय बदलू नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी, मोफत नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. हा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.

अर्जुनानं सारथ्याला सांगितलं, ‘मला काही कळेनासं झालंय, तूच सांग.’ गीता तिथून पुढे उलगडली. आज तुमच्या हातातून काही निसटत असेल, तर तुम्हीही कुणाला तरी सांगा.

पांडुरंगा, ज्याला बोलता येत नाही त्याला शब्द दे आणि आम्हाला ऐकायला कान दे.

राम कृष्ण हरी! 🙏