आनंदाची अट

बहुविकलांग मुलांच्या केंद्रात पहिल्यांदा मदतीला गेलेला माणूस चकित होतो तो तिथल्या एखाद्या मुलाच्या मनमोकळ्या खुशीने. मुलाला आधाराशिवाय बसता येत नाही, बोलता येत नाही, दिसते ते अंधूक. घास भरवतानाही मान कुणीतरी धरावी लागते. तरी पंखा सुरू होऊन झुळूक अंगावर आली किंवा ओळखीचा आवाज कानी पडला की ते सर्वांगाने हसते. घरी परतताना स्वयंसेवकाच्या मनात येणारी वाक्ये मग ठरलेली असतात : ‘एवढे असूनही किती आनंदी!’ आणि ‘आपण मात्र क्षुल्लक गोष्टींसाठी कुरकुरतो.’ चेन्नईच्या वायव्येला असलेल्या, कारखान्यांच्या आणि लष्करी वसाहतींच्या आवडीतला तरुण असो की पुण्यातला, यात फरक पडत नाही. पहिल्या वाक्यात आपले आश्चर्य आहे, दुसऱ्यात आपली सुधारणा. मुलाला काय हवे, हा प्रश्न दोन्हींत नाही. माझ्या मते तो आनंद खरा असतो आणि तो मुलाच्या मर्जीची खबर म्हणून वाचायला हवा. मात्र मुलाचे मोल ठरवायला त्याचा पुरावा म्हणून वापर करू नये. हा भेद दिसायला सोपा, पण तिथवर पोचायला विचाराला जवळपास शंभर वर्षे लागली आणि प्रवास अजून संपलेला नाही.

1915 साली शिकागोत डॉ. हॅरी हेझेल्डन यांनी गंभीर व्यंगे घेऊन जन्मलेल्या एका बाळावर शस्त्रक्रिया करायला नकार दिला आणि ते बाळ दगावले. अमेरिकेत मोठा वाद पेटला. डॉक्टरांची बाजू घेणाऱ्यांमध्ये हेलन केलर होत्या. ‘द न्यू रिपब्लिक’मधल्या पत्रात त्यांनी मांडले की, जगण्याला पावित्र्य येते ते सुख, बुद्धी आणि कर्तृत्व यांच्या शक्यतेमुळे, जिथे ही शक्यताच नाही तिथला निर्णय डॉक्टरांच्या पंचमंडळावर सोपवावा. स्वतः अंध आणि बधिर असलेल्या, साऱ्या जगाने जिद्दीचे प्रतीक मानलेल्या स्त्रीचे हे मत आज धक्का देते. पण त्यात क्रौर्यापेक्षा त्या काळाचे गृहीतक जास्त आहे. अशा बाळाला सुख होऊच शकत नाही, हे कुणी तपासले नव्हते आणि तपासायचे कसे, हेही कुणाला ठाऊक नव्हते.

याच केलर 1955 साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, भारताच्या दौऱ्यावर आल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत आवडीला उच्छंगराय ढेबरांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव तिथे मंजूर झाला होता. असा ठराव करणाऱ्या त्या पिढीचा श्रद्धाविषय होता श्रम. पुढे आवडीतच रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला. इकडे वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे कुष्ठरुग्णांच्या हाती दानाऐवजी काम देत होते. दयेकडून कामाकडे ही फार मोठी झेप होती, तिचे मोल कमी लेखायचे कारण नाही. पण माणसाची प्रतिष्ठा त्याच्या कमाईतून येते असे ठरले, की जे मूल कधीच काही कमावणार नाही त्याला कुठे बसवायचे? मुंबईत 1972 साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली, 1985 साली मद्रासमध्ये पूनम नटराजन यांनी आजच्या ‘विद्यासागर’चा पाया घातला. या संस्थांनी शिक्षण आणि संवाद हे विषय पुढे आणले. मूल काय करू शकते, याच्या जोडीला ते काय सांगते आहे, हा प्रश्न तिथे विचारला जाऊ लागला.

संशोधनही त्याच दिशेने सरकत होते. 1999 साली आल्ब्रेख्ट आणि डेव्हलीगर यांनी अपंगत्व असलेल्या 153 जणांच्या मुलाखतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आपले जीवनमान चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले. पण हे लोक बोलू शकत होते. ज्यांना बोलता येत नाही त्यांचे काय, या प्रश्नाला कॅरोलिन ग्रीन आणि डेनिस रीड यांनी 1996 साली हात घातला. तीव्र बहुविकलांग व्यक्तींच्या चेहऱ्यावरच्या आणि आवाजातल्या खुणांची त्यांनी आधी नेमकी व्याख्या केली आणि मग दाखवून दिले की, आवडीच्या गोष्टी समोर आणल्या की खुशीच्या खुणा वाढतात. चांगला विशेष शिक्षक रोज हेच करत असतो. मुलाला झोपाळ्यावर झुलवता झुलवता तो मध्येच झोपाळा थांबवतो आणि वाट पाहतो. काही वेळाने मुलाचा खांदा जरासा पुढे सरकतो किंवा घशातून हुंकार निघतो. लगेच झोपाळा पुन्हा हलवायचा. दहा-वीस वेळा असे झाले की खांदा सरकवणे म्हणजे ‘अजून’ हे दोघांमध्ये पक्के होते. आता त्या हसण्यामागे मागणी आहे, आणि मागणी असली की नकारालाही जागा होते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. हसणे म्हणजे आनंदच कशावरून? 1965 साली इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ हॅरी अँजेलमन यांनी तीन मुलांचे वर्णन केले. चाल ताठर, वाचा नाही आणि वारंवार हसू. पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेलेली ही अवस्था जनुकीय असल्याचे कळले. म्हणजे हसू त्या आजाराचेच लक्षण. पण नंतर ख्रिस ओलिव्हर आणि सहकाऱ्यांनी या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले तेव्हा आढळले की, कुणी डोळ्यांत पाहून बोलत असताना हसू वाढते, एकटे ठेवले की कमी होते. हसण्याची प्रवृत्ती शरीरातून आली तरी ते केव्हा उमटते, हे सोबतीवर अवलंबून असते. यातून आक्षेप पुसला जात नाही, शिस्त मात्र शिकायला मिळते : एका हसण्यावरून निष्कर्ष काढू नये, कशाने हसले, कशाने थांबले, पुन्हा तसेच झाले का, हे पाहावे.

दुसरा आक्षेप व्यवहारातला असल्याने जास्त धोक्याचा : मूल खूश आहे ना, मग आणखी काय हवे? दुपारी खळखळून हसणारे हेच मूल रात्री स्नायू आखडल्याने कळवळत असते. शिवाय मदतीची वाट सोपी नाही. केंद्र सरकारने 2005 साली बहुविकलांगांसाठी राष्ट्रीय संस्था काढली ती चेन्नईजवळच, पण मुट्टुकाडूला, शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठी. आवडीच्या आईने मान न धरणारे मूल कडेवर घेऊन लोकलने आणि पुढे बसने तिथे जायचे म्हणजे दिवस गेलाच. 1995च्या अपंगविषयक कायद्यातल्या अपंगत्वाच्या सात प्रकारांत बहुविकलांगता नव्हती. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली, 2016च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिला जागा मिळाली. 2011च्या जनगणनेत अशा व्यक्तींची नोंद 21 लाखांवर आहे. यांतल्या एकाही कायद्यात हसऱ्या चेहऱ्याची अट नाही. अट समाजाच्या मनात आहे आणि ती वयाबरोबर कडक होते. सहा वर्षांच्या मुलाचे हसू देणगीदाराला जवळ ओढते; सव्विसाव्या वर्षी तेच हसू पाहून माणसे बाकावर दूर सरकून बसतात. अमरावती जिल्ह्यातल्या वज्झरला अनाथ, दिव्यांग मुलांना स्वतःचे आडनाव देणारे शंकरबाबा पापळकर, 2024चे पद्मश्री, वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की, बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर काढलेल्या अशा मुलांच्या आजन्म पुनर्वसनासाठी कायदा हवा. त्या मागणीत मुलांच्या गोडव्याचा उल्लेखही लागत नाही.

तिसरा आक्षेप स्वयंसेवकांच्या बाजूचा. त्या आनंदाने भारावून तर माणसे येतात. ते भारावणे काढून घेतले तर येणार कोण? ऑस्ट्रेलियातल्या अपंग लेखिका आणि कार्यकर्त्या स्टेला यंग यांनी 2012 साली या भारावण्यावर कठोर टीका केली होती : इतरांना बरे वाटावे म्हणून अपंगांची चित्रे वापरली जातात. टीका रास्त आहे, तरी भारावणे हा गुन्हा नाही. दाराशी आणायला ते पुरते. टिकायला मात्र कुतूहल लागते, कारण भारावलेल्याला दर वेळी तेच हसू हवे असते आणि मुलाचा मूड नसला की तो खट्टू होतो. कुतूहल असलेला माणूस वहीत लिहून ठेवतो : ताशाचा आवाज नको, मृदंगाचा चालतो, डावीकडून हाक मारली तर ऐकू येते. पुढच्या आठवड्यात येणाऱ्याला हे उपयोगी पडते.

केलरांच्या 1915च्या त्या पत्रात दोन चुका होत्या. अशा मुलाला सुख असू शकत नाही, ही वस्तुस्थितीची चूक. संशोधनाने आणि शिक्षकांनी ती दुरुस्त केली. सुखाच्या शक्यतेवर जगण्याचा हक्क तोलायचा, ही निकषाची चूक. ती आपल्यात अजून मुरलेली आहे. ‘बघा, किती आनंदी आहे’ असे म्हणून आपण मुलाची वकिली करतो तेव्हा केलरांचे उत्तर खोडतो, पण त्यांची परीक्षा तशीच चालू ठेवतो. मग जे मूल हसत नाही, दिवसभर रडते, हात लावू देत नाही, ते त्या परीक्षेत नापास ठरते. स्वयंसेवकाची खरी कसोटी तिथे आहे. हसऱ्या मुलाजवळ बसायला रांग लागते. किरकिऱ्या मुलालाही तेवढाच वेळ, तेवढेच हात आणि तेवढाच सरकारी पैसा मिळाला, तरच आपण ती अट खरोखर काढली असे म्हणता येईल.