दुरुस्तीवर सही कोणाची?

दुरुस्ती या शब्दात आपण दोन गोष्टी एकदम गृहीत धरतो. मोडलेली वस्तू पुन्हा चालू लागली, ही पहिली. आणि ती कोणीतरी चालू केली, ही दुसरी. घड्याळजीकडून आणलेले घड्याळ आठ दिवसांत पुन्हा बंद पडले, तर आपण घड्याळाशी भांडत बसत नाही. घड्याळजीच्या दुकानाची पायरी चढतो. तो काय उत्तर देईल ते देवो, पण उत्तर देणारा कोणीतरी आहे, हे आपल्याला ठाऊक असते. उद्या दुरुस्ती करणारेही यंत्रच निघाले, तर या दुसऱ्या गोष्टीचे काय होते? हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही. संगणकाच्या प्रोग्रॅममधील दोष संगणकानेच शोधावेत आणि त्यानेच नाहीसे करावेत, यासाठी कित्येक वर्षे पद्धतशीर संशोधन चालू आहे. आणि ते करणारी मंडळी दरवर्षी लहानमोठ्या कार्यशाळांतून एकत्र बसून एकमेकांच्या कामाची झडती घेत असतात. बाहेरच्या माणसाला वाटावे, की हा त्यांच्या धंद्यातला विषय आहे. परंतु या मंडळींत जे वाद झाले त्यांतील काही इतके जुने आणि आपल्या ओळखीचे आहेत, की नीतीचा विचार करणाऱ्यानेही तिकडे कान द्यावा.

या विद्येचे नावच मुळी एका परिषदेतून रूढ झाले. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश या गावी ‘नाटो’च्या पुढाकाराने काही तज्ज्ञ जमले होते. प्रोग्रॅम अवाढव्य होत चालले होते. ते वेळेवर पुरे होत नव्हते आणि झाले तरी भरवशाचे नव्हते. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव परिषदेला दिले गेले ते मुद्दाम डिवचण्यासाठी. पूल बांधणाऱ्याच्या अंगी जी शिस्त असते ती आपल्याकडे कुठे आहे, असा त्यात टोमणा होता. पुढे १९८३ साली अमेरिकी हवाईदलाच्या एका संशोधनकेंद्रासाठी एक अहवाल तयार झाला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाताशी एक जाणता यांत्रिक मदतनीस असावा, ही त्यातील कल्पना. तिच्याभोवती जी वार्षिक संमेलने सुरू झाली, ती १९९७ पासून ‘ऑटोमेटेड सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या नावाने भरतात. अशा संमेलनांना जोडून एकदोन दिवसांच्या कार्यशाळा होतात. तेथे अर्धेमुर्धे झालेले काम मांडायला संकोच वाटत नाही आणि त्यातले वैगुण्य दाखवायलाही वाटत नाही. जर्मनीतच डागस्टूल येथे याहून निवांत अशी आठवडाभराची चर्चासत्रे होतात. जेवणाच्या मेजावर कोणी कोणाशेजारी बसायचे हेही तेथे दैवावर सोडतात. हेतू हा, की ओळखीच्यांचे कोंडाळे होऊ नये. २०१७ च्या जानेवारीत तेथे एक आठवडा केवळ स्वयंचलित दुरुस्ती याच विषयाला दिला होता.

या विषयाला खरी गती आली ती २००९ साली. वेस्टली वायमर, स्टेफनी फॉरेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी ‘जेनप्रोग’ नावाची एक पद्धत पुढे आणली. तिची रीत साधी आहे. सदोष प्रोग्रॅम घ्यायचा. त्यातली एखादी ओळ गाळायची, एखादी त्याच प्रोग्रॅममधल्या दुसऱ्या जागेवरून आणून डकवायची, आणि अशी शेकडो रूपे तयार करायची. प्रत्येक रूप ठरलेल्या चाचण्यांतून चालवून पाहायचे. जी रूपे अधिक चाचण्या पार करतील त्यांची पुढची पिढी काढायची. शेतकरी जसे चांगल्या कणसाचे बी राखून ठेवतो, तसेच हे. सगळ्या चाचण्या पार करणारे रूप सापडले, की दुरुस्ती झाली असे धरायचे. अशा दुरुस्तीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ आपल्या भाषेत सरळ ‘ठिगळ’ असा आहे, आणि तो मला फार प्रामाणिक वाटतो.

आता गंमत पाहा. एका प्रोग्रॅमचे काम होते आकड्यांची यादी चढत्या क्रमाने लावण्याचे. चाचणी एवढेच पाही, की बाहेर आलेली यादी क्रमाने आहे की नाही. यंत्राने शोधून काढलेली दुरुस्ती अशी, की प्रोग्रॅमने नेहमी रिकामी यादी परत करावी. रिकाम्या यादीत क्रम चुकणार कसा? दुसऱ्या एका ठिकाणी प्रोग्रॅमचे उत्तर एका फाइलमध्ये ठेवलेल्या बरोबर उत्तराशी ताडून पाहिले जाई. यंत्राने ती फाइलच पुसून टाकली. इकडेही काही नाही, तिकडेही काही नाही. दोन्ही बाजू जुळल्या! या कथा कोणा विरोधकाने पसरवलेल्या नाहीत. खुद्द वायमर यांनीच २०१३ साली त्या जाहीरपणे सांगितल्या.

त्या ऐकून हसू येते, पण ते फार वेळ टिकत नाही. येथे यंत्राने फसवले असे म्हणता येईल काय? फसवणाऱ्याला खरे काय ते माहीत असावे लागते. गाइड पाठ करून पहिल्या वर्गात आलेला विद्यार्थी मनात जाणून असतो, की आपल्याला विषय कळलेला नाही. गुण आणि ज्ञान यांतले अंतर त्याच्या मनात कोठेतरी सलत असते, आणि त्या सलण्यातच त्याच्या सुधारणेची आशा असते. यंत्राला ते अंतर नाही. ‘चाचणी पार कर’ एवढेच त्याला सांगितले होते आणि त्याने ते चोख केले. चाचणी ही हेतूची प्रतिनिधी आहे, प्रत्यक्ष हेतू नव्हे, ही जाणीव सर्वस्वी माणसाच्या बाजूला राहते. ती त्यानेच सांभाळली नाही, तर दुसरे कोणी सांभाळणार नाही.

ती कशी सुटते याचे उदाहरणही याच क्षेत्रात आहे. २०१२ साली जेनप्रोगच्या कर्त्यांनी १०५ दोषांवर प्रयोग करून त्यांतील ५५ दुरुस्त झाल्याचे जाहीर केले. दर दोषाला सुमारे ८ डॉलर खर्च. ही कामगिरी गाजली. २०१५ साली मॅसॅच्युसेट्समधील एमआयटीच्या चौघा संशोधकांनी तीच ठिगळे हाती घेतली आणि एकेक उघडून वाचली. १०५ पैकी बरोबर दुरुस्त झालेले दोष त्यांना २ च आढळले. पुष्कळ ठिकाणी यंत्राने दोषाबरोबर तो ज्या कामात होता ते कामच गाळून टाकले होते. काही ठिकाणी चाचणी इतकी ढिली होती, की उत्तर काय आले हे ती पाहतच नव्हती. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने आपल्या निबंधाला जे शीर्षक दिले त्याचा आशय ‘रोगापेक्षा इलाज भयंकर तर नाही?’ असा होता.

मूळ कर्त्यांना कमी लेखावे, यासाठी मी हे सांगत नाही. आपली ठिगळे त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली होती, म्हणूनच ती दुसऱ्याला वाचता आली. महत्त्वाचे हे, की त्यानंतर या क्षेत्रात एक भेद रुजला. चाचण्या पार करणारी ती ‘पटण्याजोगी’ दुरुस्ती; हेतू पुरा करणारी ती ‘बरोबर’ दुरुस्ती. पुढील संशोधनात ही दोन मापे निराळी मोजली जाऊ लागली. एखाद्या धंद्याने स्वतःच्या यशाला असे दुहेरी माप लावून घ्यावे, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या किती परीक्षांनी, किती सरकारी योजनांनी असे केले आहे?

दुसरा प्रसंग याहून नाजूक आहे. २०१८ साली स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातील मार्टिन मोनपेरुस व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र सोडले. खुल्या प्रोग्रॅमांत बिघाड दिसला, की ते ठिगळ तयार करी आणि ते त्या प्रोग्रॅमच्या सांभाळणाऱ्यांकडे पाठवले जाई. पाठवणाऱ्याचे नाव मात्र माणसाचे होते: ल्यूक एसाप. यंत्राचे काम म्हटल्यावर लोक ते पूर्वग्रहाने बाजूला सारतील, असे या संशोधकांना वाटले. पाच ठिगळे माणसांनी स्वीकारली. नंतर त्यांनी हे गुपित स्वतःच उघड केले.

यावर कोणी म्हणेल, काम पाहावे, करणारा कोण हे कशाला पाहावे? या म्हणण्यात तथ्य आहे. माणसाची जात, गाव, वशिला पाहून कामाची किंमत ठरवण्याचे दुष्परिणाम आपण कमी भोगलेले नाहीत. तरीही हे अर्धेच सत्य आहे. काम पारखताना नाव झाकून ठेवावे, हे योग्य. पण काम स्वीकारून वापरायला घेतल्यावर त्यामागे कोणीतरी उभा लागतो. त्याच प्रयोगात हे उघड झाले. ल्यूकला सांगण्यात आले, की आमच्या संस्थेच्या करारनाम्यावर सही केल्याशिवाय तुमचे काम घेता येणार नाही. येथे सगळे अडले. यंत्राला सही करता येईना. हात नाही म्हणून नव्हे. सही म्हणजे ‘उद्या विचाराल तर मी येथे आहे’ असे वचन, आणि असे वचन देणारे त्या जागी कोणी नव्हते. मग ती कोणाची मानायची? यंत्र चालवणाऱ्याची, ते बांधणाऱ्याची, की त्यामागची रीत शोधणाऱ्याची? हा प्रश्न त्या संशोधकांनीच लिहून ठेवला आहे. २०१९ साली माँट्रियल येथे अशा यांत्रिक मदतनिसांवर पहिली कार्यशाळा भरली, तेव्हा यंत्राने आपल्या दुरुस्तीचा खुलासाही द्यावा, असा विचार मोनपेरुस यांनी तेथे मांडला.

आजची यंत्रे खुलासा देतात. अफाट मजकुरावर पोसलेली ही नवी यंत्रे ठिगळाबरोबर सफाईदार भाषेत कारणमीमांसाही पुरवतात. २०२३ साली त्यांच्या कसोटीसाठी १२ प्रोग्रॅमांतील खऱ्याखुऱ्या २,२९४ तक्रारींचा संग्रह तयार झाला. पण तेथेही तक्रार मिटली की नाही हे ठरते ते चाचण्यांवरूनच. खुलासा आणि जबाब यांत फरक आहे. खुलासा कोणीही लिहू शकतो. जबाब ज्याला विचारायचा तोच देऊ शकतो. जबाबदारी या शब्दात जबाब आहे, तो उगीच नव्हे.

यावर सुचवला जाणारा उपाय असा, की शेवटची संमती माणसाची असावी. फेसबुकने २०१८ साली आपले दुरुस्तीयंत्र जाहीर केले तेव्हा तेथे हाच नियम होता, आणि तो चांगला आहे. परंतु दिवसाला दोन ठिगळे आली तर माणूस ती वाचील. दोनशे आली तर? आपल्या कचेऱ्यांतून फायलींच्या गठ्ठ्यावर न वाचता होणाऱ्या सह्या कोणी पाहिल्या नाहीत? तेथे सही असते, सहीमागचा माणूस नसतो. यंत्राची नाकारलेली सही आणि माणसाची ही सही, यांत मग फरक फारसा उरत नाही.

उत्तर देणारा नाहीसा झाला म्हणजे काय होते, हे ब्रिटनमध्ये दिसले. १९९९ पासून तेथील टपालकचेऱ्यांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकव्यवस्था आली. तिच्या दोषांमुळे हिशेबात तूट दिसे, आणि चोर ठरे तो कचेरी चालवणारा. ९०० हून अधिक जण दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले. संसदेला २०२४ साली खास कायदा करून ते निकाल रद्द करावे लागले. तेथे दुरुस्तीयंत्र नव्हते, पण धडा तोच आहे. ‘दोष आमच्या प्रोग्रॅमचा आहे’ असे म्हणायला वेळीच कोणी पुढे आले नाही, म्हणून तो दोष निरपराध माणसांच्या माथी बसला.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा समजण्याचे कारण नाही. पुण्यात टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधनकेंद्र १९८१ साली स्थापन झाले, आणि प्रोग्रॅम आपोआप तपासणारी साधने तेथे घडली. हिंजवडीपासून खराडीपर्यंत असंख्य मराठी मुलेमुली दुसऱ्यांच्या जुन्या प्रोग्रॅमांची डागडुजी करून पोट भरतात. त्यांच्या पोटाची चिंता रास्तच आहे. पण आणखीही एक चिंता आहे. लहानसहान दुरुस्त्या करता करताच माणसाला दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचता येऊ लागतो. ती उमेदवारीच यंत्राकडे गेली, तर उद्या एमआयटीच्या त्या चौघांसारखे एकेक ठिगळ उघडून ‘ही दुरुस्ती नव्हे’ असे सांगणारे डोळे कोठून येणार?

यंत्राची मदत नाकारावी, असे मला वाटत नाही. दोष तसाच राहू देण्यात पुण्य नाही. पण ठिगळ जो वापरात आणील त्याने त्यावर आपले नाव घालावे, आणि आपल्याला वाचून समजेल तेवढ्याच ठिगळांवर ते घालावे. या नियमाने काम मंदावेल, हे मान्य केले पाहिजे. कार्यशाळेत एक जण आपले काम घेऊन उभा राहतो आणि समोरचे दहा जण ‘हे असे का?’ म्हणून विचारतात. त्या खोलीत त्याला यंत्राकडे बोट दाखवून सुटता येत नाही. खोलीबाहेर, टपालकचेरीत, इस्पितळात, बँकेत, जेथे ही ठिगळे प्रत्यक्ष लागतात, तेथेही असे विचारण्याचा हक्क लोकांना असला पाहिजे, आणि उत्तर द्यायला समोर माणूस असला पाहिजे.