मूठभर धान्य आणि समाजाचे ऋण

खेड्यातील मंडळीत दानाविषयी उपदेश झाला म्हणजे उपासना आटोपल्यावर एक प्रश्न बहुधा निघतो. तो असा की, ज्याला स्वतःच्या चुलीचीच खात्री नाही त्याने दुसऱ्यास काय द्यावे? हा प्रश्न विचारणारा मनुष्य कृपणच असतो असे नाही. पुष्कळदा तो दिवसभर दुसऱ्याच्या बांधावर राबून आलेला असतो, व त्याच्या घरी लेकरे वाट पाहत असतात. म्हणून ह्या प्रश्नास रागावून उत्तर देणे योग्य नव्हे, आणि तो टाळणे तर त्याहूनही अयोग्य होय.

ह्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. आपण समाजास जे देतो ती दया आहे, की ती ऋणफेड आहे? ती दया असेल तर ते सधनांचे भूषण होय, व गरिबावर तिचे बंधन नाही. परंतु ती ऋणफेड असेल, तर गरीब व श्रीमंत हे दोघेही ऋणकोच ठरतात. भेद उरतो तो केवळ हप्त्याच्या आकाराचा. ह्यास्तव आधी हे पाहिले पाहिजे की, आपण कोणाचे काही घेतले आहे काय?

ह्याचे उत्तर शोधण्यास नवी मुंबईकडे पाहावे. आपल्या खेड्यांतले अनेक तरुण आज पोटासाठी तिकडे जातात; कोणी वाशीच्या बाजारात, कोणी तुर्भ्याच्या कारखान्यात, कोणी पनवेलीकडील बांधकामावर. तेथे मिळालेल्या मजुरीस ते आपल्या घामाचे फळ म्हणतात, व ते खोटे नाही. परंतु ते शहर उभे कशावर आहे? सन १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गावांची भातशेते, मिठागरे व गावठाणालगतच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. आगरी, कोळी वगैरे लोकांनी पिढ्यान् पिढ्या कसलेली ती भूमी होती. मोबदला अपुरा आहे म्हणून त्यांनी दि. बा. पाटील ह्यांच्या पुढारपणाखाली लढा दिला; जानेवारी १९८४ मध्ये जासई व नवघर ह्या भागांत गोळीबार होऊन पाच जण प्राणास मुकले. त्यानंतर विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मूळ भूमिधारकांस परत देण्याची योजना अमलात आली. तसेच ते शहर जे पाणी पिते ते मुख्यतः खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे. त्या धरणाखालीही कोणाची तरी शेते व घरे गेली.

आता वाशीस भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या तरुणाने स्वतःस विचारावे की, मी ज्या जमिनीवर पाय ठेवतो ती कोणी सोडली? मी जे पाणी पितो त्यासाठी कोण उठून गेले? त्या लोकांची नावे त्यास ठाऊक नाहीत, व त्यांनाही ह्याचे नाव ठाऊक नाही. तरी ऋण आहे ते आहेच. आणि हे केवळ शहरवासियांस लागू आहे असे नाही. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो ती आपल्या आधीच्यांनी खणली. ज्या अक्षरांनी आपण शास्त्र वाचतो ती कोणी तरी मास्तराने अल्प वेतनावर आपल्या आजोबांस शिकविली. ज्याने काहीच घेतले नाही असा मनुष्य ह्या पृथ्वीवर सापडावयाचा नाही. तेव्हा देणे ही ऋणफेड होय, व गरिबी हे ऋण बुडविण्याचे कारण नसून हप्ता लहान करण्याचे कारण आहे.

परंतु लहान हप्त्याने होणार काय? येथे एक उदाहरण घेऊ. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी सन १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, व सन १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढिले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. मुले वाढली, धान्य पुरेना. तेव्हा 'मुष्टिफंड' नावाची रीत चालू झाली. घरोघरच्या बायांनी मूठमूठ धान्य बाजूस काढून ठेवावे व ते वसतिगृहाच्या मुलांसाठी गोळा करावे, अशी ती रीत होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी तर मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून आपले दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील, खर्ची घातले. त्या बायांपैकी बहुतेकींस स्वतः वाचता येत नव्हते. तरी त्यांच्या मुठींतून जी संस्था पोसली गेली तिच्या शाखा आज महाराष्ट्रभर आहेत, आणि नवी मुंबईत वाशी येथे कर्मवीरांच्याच नावाचे महाविद्यालय चालते.

आपल्या ख्रिस्ती बंधूंमध्येही असाच दाखला आहे. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळीत सन १९१० पासून अशी रीत आहे की, घरची बाई भात शिजविण्यापूर्वी तांदुळाची एक मूठ देवाच्या कार्यासाठी निराळी काढते. ते डोंगराळ प्रदेशातले गरीब लोक होते. परंतु त्या मुठींच्या विक्रीतून येणाऱ्या पैशावर त्यांचे मंडळीचे व सुवार्तेचे कार्य मोठ्या अंशाने चालत आले आहे.

ह्यातला हिशेब साधा आहे. एक मूठ म्हणजे पन्नास ग्रॅम धान्य धरू. रोज एक मूठ काढली तर एका घरातून वर्षास अठरा किलोंहून थोडे अधिक धान्य निघते. चाळीस घरांच्या मंडळीतून सात क्विंटलांहून अधिक. त्या चाळीस घरांतील कोणीही एकदम अर्धे पोते देऊ शकले नसते. करिंथ येथील मंडळीस प्रेषित पौलाने हाच मार्ग सांगितला होता, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूस काढून ठेवावे. गरिबाच्या दानाचे बळ त्याच्या मोठेपणात नसून नियमितपणात आहे.

आता तीन आक्षेप उरतात, व ते प्रामाणिकपणे तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा की, लेकरांच्या तोंडचे काढून परक्यास देणे हा धर्म आहे काय? नाही. जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याला पौलाने कठोर शब्द लाविले आहेत. म्हणून कर्ज काढून देणगी देणे, किंवा दुखणेकरी बायकोचे औषध थांबवून वर्गणी भरणे, हे दान नव्हे. त्यात पुष्कळदा नावाची हाव असते. मूठ ही ज्या घरी मूठ निघते तेथूनच निघावी. जेथे ती निघत नाही तेथे दुसऱ्यांची मूठ पोहोचावी, व त्या घराने त्या वर्षी घेण्याची लाज बाळगू नये.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. गरिबांनी आपसांत मूठमूठ देत राहावे, आणि ज्यांच्याकडे कोठारे आहेत त्यांनी व सरकाराने निश्चिंत असावे, हा न्याय आहे काय? येथे आपण मार्काच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय नीट वाचावा. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण वारंवार सांगतो. परंतु तिच्या लगेच आधी प्रभूने विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार केला आहे, हे सांगावयाचे राहून जाते. जो विधवेच्या टोल्यांची स्तुती करतो त्याने तिच्या घराचीही काळजी वाहिली पाहिजे. देणे व न्याय मागणे ही परस्परांची वैरी नव्हेत. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे माथाडी कामगार पाहा. त्यांतले पुष्कळजण सातारा, सांगलीकडचे. सातारा जिल्ह्यातलेच अण्णासाहेब पाटील ह्यांनी त्यांची संघटना बांधिली. विखुरलेले हमाल एकमेकांसाठी उभे राहिले, आणि त्यातून सन १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यायोगे मालकाने मजुरीबरोबर ठरावीक रक्कम मंडळाकडे भरावी व तीतून भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ कामगारास मिळावे अशी व्यवस्था झाली. जे आपसांत देण्यास शिकतात तेच पुढे एकत्र मागण्यासही समर्थ होतात.

तिसरा आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. दिलेल्या घासाने पोट भरते, परंतु मान खाली जाते. ह्यावर मोशेच्या नियमशास्त्रातील युक्ती फार शहाणपणाची आहे. शेताचा कोपरा कापू नये, सरवा वेचू नये, तो गरिबासाठी व परक्यासाठी ठेवावा. बवाजाच्या शेतात रूथेने हात पसरला नाही. तिने वाकून सरवा वेचला व सायंकाळी स्वतःच्या श्रमाचे धान्य घरी नेले. भाऊरावांच्या वसतिगृहातील मुलेही काम करून शिकत. ज्या मदतीत घेणाऱ्याच्या हातांसही काम असते ती मदत त्यास लहान करीत नाही.

ह्यावरून आपणांस करण्याजोग्या गोष्टी सहज सुचतात, आणि त्यांतल्या बहुतेकींस पैका लागत नाही. ज्यास वाचता येते त्याने आठवड्यातून एक तास शेजारच्या मुलास वाचावयास शिकवावे, किंवा म्हाताऱ्या माणसास शिधापत्रिकेचा अथवा निवृत्तिवेतनाचा अर्ज भरून द्यावा. क्षयाच्या रोग्याचे औषध साधारणपणे सहा महिने चालते व ते मध्येच सोडल्याने रोग बळावतो. अशा रोग्याची रोज चौकशी करणे ही मोठी सेवा आहे, व सरकारी दवाखान्यात ते औषध फुकट मिळते हे त्यास सांगणे ही दुसरी. निरोगी मनुष्यास, वय १८ ते ६५ व वजन निदान ४५ किलो असल्यास, रक्त देता येते. पुरुषास तीन महिन्यांनी व स्त्रीस चार महिन्यांनी ते पुन्हा देता येते. मरणानंतर नेत्र द्यावे अशी इच्छा असल्यास घरच्यांस आधी सांगून ठेवावे, कारण ते काम सुमारे सहा तासांच्या आत व्हावे लागते. शहरात राहणाऱ्याने ओला व सुका कचरा निराळा ठेवावा, म्हणजे तो हातांनी निवडणाऱ्या बाईच्या बोटांस काच लागणार नाही. ही तर दोन टोपल्यांची गोष्ट आहे.

उपदेशक बंधूंस व बायबल-भगिनींस आमची विशेष विनंती अशी की, मंडळीत मुठीचे मडके सुरू केल्यास त्याचा हिशेब दर महिन्यास सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. हिशेब झाकला की विश्वास उडतो, व एकदा उडालेला विश्वास पुन्हा मडक्यात येत नाही. तसेच ते धान्य केवळ आपल्याच मंडळीच्या भिंतींत फिरू नये. शोमरोनी मनुष्याने वाटेत पडलेल्यास त्याची जात वा मंडळी विचारली नाही. गावात ज्याची चूल विझली असेल त्याच्या दारी ती मूठ जावी, मग तो मंदिरात जाणारा असो, मशिदीत जाणारा असो, की कोठेच न जाणारा असो. कारण विहीर खणताना त्याच्याही पूर्वजांची कुदळ पडली होती.

वाचकहो, आपले समाजाकडील देणे फिटले असे म्हणण्याचा दिवस ह्या जन्मी येणार नाही. परंतु उद्या सकाळी दळण निवडताना किंवा तांदूळ धुण्यापूर्वी एक मूठ निराळी काढणे, हे मात्र आपल्यातल्या बहुतेकांच्या हाती आहे. ज्याने दोन टोल्यांची किंमत ओळखली तो प्रभू ती मूठही ओळखील. त्याचे साह्य आपणां सर्वांस असो.